आवर्तसारणी पाठ करू नका, मांडून पाहा

रसायनशास्त्र नव्याने शिकायला घेतले की पहिल्याच आठवड्यात ११८ चौकोनांचा तो तक्ता समोर येतो. प्रत्येक चौकोनात एक चिन्ह, एक नाव, दोन आकडे. आणि आपण लगेच पाठांतराला लागतो: हायड्रोजन, हेलिअम, लिथिअम, बेरिलिअम... मीही तेच केले होते. वीस नावे एका दमात म्हणता यायची, पण सोडिअम नेमका लिथिअमच्या खालीच का बसतो, हे मला सांगता आले नसते. पुढे एकदा वीस कागदी पत्ते कापले, प्रत्येकावर इलेक्ट्रॉन मोजून लिहिले, ते टेबलावर मांडले, आणि छापील तक्ता न पाहता तोच तक्ता समोर उभा राहिला. त्या दिवसापासून हा विषय मला मनापासून आवडू लागला. तुम्हीही त्याच वाटेने जावे, असे मला वाटते.

जवळ काय हवे? पत्त्यांएवढे कापलेले वीस कोरे कागद, पेन्सिल, खोडरबर आणि एक छापील आवर्तसारणी. सारणी सध्या उलटी करून ठेवा. ती पडताळणीसाठी लागणार आहे.

पायरी पहिली: शब्द पक्के करा

एकाच प्रकारच्या अणूंचा बनलेला पदार्थ म्हणजे मूलद्रव्य. सोने, तांबे, गंधक, पारा, ऑक्सिजन ही मूलद्रव्ये. सोने वितळवा, त्यातून वीज सोडा, आम्लात घाला. सोन्याहून साधा पदार्थ त्यातून निघत नाही. संयुगात दोन किंवा अधिक मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणात रासायनिक बंधांनी जोडलेली असतात. शुद्ध पाणी कुठूनही आणा, त्यात वस्तुमानाने १ भाग हायड्रोजन आणि ८ भाग ऑक्सिजन हेच प्रमाण मिळेल. मिश्रणाला असे बंधन नसते. हवा हे मिश्रण आहे; तिच्यातली बाष्पाची मात्रा रोज बदलते, तरी ती हवाच राहते.

मूलद्रव्याचा ज्यात त्याची ओळख टिकून असते असा सर्वांत लहान कण म्हणजे अणू, आणि अणू एकमेकांना जोडले गेले की रेणू. हवेतला ऑक्सिजन सुट्या अणूंनी फिरत नाही. दोन-दोन अणू जोडून रेणू म्हणून वावरतो.

इथे मराठीत शिकणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हिंदीतून शिकवणारा व्हिडिओ पाहत असाल, तर त्यातला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला तिथे ‘परमाणु’ म्हणतात. दोन भाषांत एकच शब्द वेगवेगळ्या अर्थाने आल्यामुळे चांगले अभ्यासू विद्यार्थीही गोंधळतात. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा.

पायरी दुसरी: अणूच्या आत डोकवा

१८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि अणू अविभाज्य असल्याची समजूत संपली. पण अणूच्या आत मांडणी कशी आहे, हे कळायला आणखी काही वर्षे लागली. रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत १९०९ मध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर धनप्रभारित अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण पत्रा जणू नसल्यासारखे आरपार गेले. अगदी थोडे मात्र उलटे फिरून मागे आले. पत्रा बहुतांशी रिकामा असल्याखेरीज पहिली गोष्ट घडली नसती, आणि आत कुठेतरी धन प्रभार व वस्तुमान घट्ट एकवटलेले असल्याखेरीज दुसरी. १९११ मध्ये रदरफोर्ड यांनी त्या एकवटलेल्या भागाची, म्हणजे अणुकेंद्रकाची कल्पना मांडली.

हे रिकामेपण किती? अणूचा व्यास केंद्रकाच्या व्यासाच्या दहा हजार ते एक लाख पट असतो. केंद्रक एक मिलिमीटरचा ठिपका मानला, तर अणूची कड दहा मीटरपासून शंभर मीटरपर्यंत व्यासाच्या वर्तुळावर येईल. पुस्तकातल्या आकृतीत हे दाखवणे शक्यच नसते, म्हणून तिथले केंद्रक डोळ्यात भरण्याइतके मोठे काढलेले असते. आकृती पाहताना हे मनात असू द्या.

केंद्रकात दोन प्रकारचे कण असतात: धनप्रभारित प्रोटॉन आणि प्रभार नसलेले न्यूट्रॉन. न्यूट्रॉन सर्वांत शेवटी, १९३२ मध्ये चॅडविक यांना सापडला. केंद्रकाबाहेर ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन असतात. इलेक्ट्रॉन फारच हलका. एका प्रोटॉनचे वस्तुमान सुमारे १८३६ इलेक्ट्रॉनांएवढे भरते. अणूचे जवळपास सगळे वस्तुमान केंद्रकात असते ते यामुळेच. अणू एरवी उदासीन असतो, कारण जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन.

आता या लेखातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य: मूलद्रव्याची ओळख प्रोटॉन ठरवतात आणि त्याचे रासायनिक वागणे इलेक्ट्रॉन ठरवतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच वाक्यावर उभ्या आहेत.

पायरी तिसरी: दोन आकडे आणि तिसरा, फसवणारा

प्रोटॉनांची संख्या म्हणजे अणुअंक. ११ प्रोटॉन असतील तर तो सोडिअम, १२ असतील तर मॅग्नेशिअम; यात तडजोड नाही. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज म्हणजे अणुवस्तुमानांक. सोडिअमचा अणुवस्तुमानांक २३. मग न्यूट्रॉन किती? २३ वजा ११, म्हणजे १२. एवढीच वजाबाकी. ॲल्युमिनिअम (१३, २७) आणि फॉस्फरस (१५, ३१) घेऊन ती स्वतः करून पाहा. दोन्हींची उत्तरे १४ आणि १६ यायला हवीत.

तिसरा आकडा सारणीत दशांशात छापलेला असतो. क्लोरिनखाली ३५.४५ दिसते आणि नवखा माणूस विचारतो, साडेअठरा न्यूट्रॉन कसे? प्रश्न अगदी रास्त आहे. एका मूलद्रव्याच्या सगळ्या अणूंत प्रोटॉन सारखेच असतात, पण न्यूट्रॉन कमी-जास्त असू शकतात. अशा भावंडांना समस्थानिके म्हणतात. निसर्गातल्या क्लोरिनच्या दर चार अणूंपैकी साधारण तीन ३५ वस्तुमानांकाचे आणि एक ३७ चा असतो. तीनदा ३५ आणि एकदा ३७ यांची सरासरी काढा: ३५.५. म्हणजे दशांशातला तो आकडा सरासरी अणुवस्तुमान आहे, आणि अमुक एका अणूतले न्यूट्रॉन त्यावरून मोजता येत नाहीत.

पायरी चौथी: इलेक्ट्रॉन कवचांत भरा

इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती ठरावीक ऊर्जेच्या कवचांत असतात, ही मांडणी नील्स बोर यांनी १९१३ मध्ये केली. आतून बाहेर कवचांची नावे के, एल, एम, एन. पुढच्या संशोधनाने चित्र बदलले. इलेक्ट्रॉन ग्रहासारखा ठरलेल्या कक्षेत फिरत नाही, तो अमुक भागात सापडण्याची शक्यताच फक्त सांगता येते. तरी पहिल्या वीस मूलद्रव्यांसाठी कवचांचा हिशेब उत्तम चालतो, म्हणून सुरुवात त्यानेच करा.

कवचाचा क्रमांक ‘न’ असेल तर त्यात जास्तीत जास्त २न² इलेक्ट्रॉन मावतात: पहिल्यात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८, चौथ्यात ३२. भरायला आतून सुरुवात करायची. एका पत्त्यावर एक मूलद्रव्य; वरच्या कोपऱ्यात अणुअंक, मधे नाव, खाली संरूपण, म्हणजे आतून बाहेर प्रत्येक कवचात किती इलेक्ट्रॉन ते आकडे. हायड्रोजन १. हेलिअम २. लिथिअममध्ये तिसऱ्या इलेक्ट्रॉनला पहिल्या कवचात जागा नाही, म्हणून २, १. कार्बन २, ४. निऑन २, ८. सोडिअम २, ८, १. क्लोरिन २, ८, ७. अरगॉन २, ८, ८. मधली मी मुद्दाम गाळली आहेत, ती तुम्ही भरा.

आता पोटॅशिअम, अणुअंक १९. इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो, आणि चुकण्याचे कारण योग्यच असते. तिसऱ्या कवचात १८ मावतात, त्यात आत्ता ८ आहेत, म्हणजे एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिथेच जावा आणि २, ८, ९ व्हावे. प्रत्यक्षात पोटॅशिअमचे संरूपण २, ८, ८, १ आहे. कवचांच्या आत उपकवचे असतात: एस, पी, डी, एफ. त्यांत अनुक्रमे २, ६, १० आणि १४ इलेक्ट्रॉन मावतात. तिसऱ्या कवचातली एस आणि पी मिळून ८ जागा भरल्या की उरलेल्या १० जागा डी उपकवचातल्या असतात, आणि तिथे बसण्यापेक्षा चौथ्या कवचाच्या एस उपकवचात बसणे एकोणिसाव्या इलेक्ट्रॉनला कमी ऊर्जेत जमते. म्हणून चौथे कवच आधी उघडते. कॅल्शिअम २, ८, ८, २. तिसऱ्या कवचातल्या त्या दहा जागा स्कँडिअमपासून, म्हणजे २१ पासून भरायला लागतात. तूर्त इतके पुरे.

पायरी पाचवी: पत्ते मांडा

लिथिअमपासून सुरू करा आणि अणुअंकाच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे पत्ते ठेवत जा. नवे कवच उघडले की नवी ओळ. लिथिअम ते निऑन आठ पत्ते. सोडिअमला तिसरे कवच, म्हणून तो खालच्या ओळीत, थेट लिथिअमखाली. ही ओळही आठांची, अरगॉनपाशी संपते. तिच्याखाली पोटॅशिअम आणि कॅल्शिअम.

आता पत्त्यांवरचा शेवटचा आकडा वरून खाली वाचा. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम: १, १, १. फ्लोरिन, क्लोरिन: ७, ७. तुम्ही फक्त क्रम पाळला होता, आणि सारख्या बाह्य कवचाची मूलद्रव्ये आपोआप एकाखाली एक आली. उभ्या स्तंभाला गण म्हणतात, आडव्या ओळीला आवर्त. सोडिअम लिथिअमच्या खाली का, याचे उत्तर आता टेबलावर आहे.

दोन पत्ते हातात राहिले. हेलिअमच्या बाहेरच्या कवचात २ इलेक्ट्रॉन आहेत, मग तो बेरिलिअमच्या वर? नाही. त्याचे एकमेव कवच दोनातच भरून जाते, आणि वागण्यात तो निऑन-अरगॉनसारखा आहे, म्हणून त्याची जागा त्यांच्या डोक्यावर. हायड्रोजन खरोखरच अवघड आहे. एक इलेक्ट्रॉन आहे म्हणून तो लिथिअमच्या वर ठेवतात, पण तो धातू नाही, आणि क्लोरिनप्रमाणेच त्यालाही कवच भरायला एकच इलेक्ट्रॉन कमी पडतो. त्याला पहिल्या गणाच्या माथ्यावर ठेवा, मात्र त्या कुटुंबातला मानू नका.

सारणी सुलटी करा आणि पडताळा. तिच्यात कॅल्शिअमपर्यंतचा भाग असाच आहे, फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत मधे मोठे अंतर सोडलेले दिसेल. ते कशासाठी, ते सातव्या पायरीत.

पायरी सहावी: स्तंभावरून वागणे ओळखा

अणू सहसा बाहेरचे कवच पूर्ण करण्याकडे झुकतात. पूर्ण म्हणजे ८, आणि एकच कवच असेल तर २. पहिल्या गणातल्या सोडिअमला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकणे सोपे. क्लोरिनला एक घेणे सोपे. सोडिअम देतो, क्लोरिन घेतो, दोघांवर विरुद्ध प्रभार येतो आणि ते एकमेकांना धरून राहतात: सोडिअम क्लोराइड. प्रभारित झालेल्या अणूला आयन म्हणतात; इलेक्ट्रॉन देणारा धनायन, घेणारा ऋणायन.

इथे जरा थांबा. एक इलेक्ट्रॉन गेल्यावर सोडिअमकडे १० उरतात, संरूपण २, ८. हे तर निऑनचे संरूपण! मग सोडिअमचा निऑन झाला का? अनेकांना तसे वाटते. पण केंद्रकात प्रोटॉन अजूनही ११ आहेत, म्हणून तो सोडिअमच. बाहेरचे रूप निऑनसारखे झाले, प्रभार मात्र धन एक आहे. हा फरक स्वच्छ समजला की दुसऱ्या पायरीतले ते वाक्य खऱ्या अर्थाने तुमचे झाले.

किती इलेक्ट्रॉन द्यायचे, घ्यायचे किंवा वाटून घ्यायचे, ती संख्या म्हणजे संयुजा. मॅग्नेशिअम २, ८, २. तो दोन देणार. क्लोरिन एकच घेणार. म्हणून एका मॅग्नेशिअमला दोन क्लोरिन लागतात. ॲल्युमिनिअम तीन देतो, ऑक्सिजन दोन घेतो. हिशेब जुळायला दोन ॲल्युमिनिअम आणि तीन ऑक्सिजन हवेत. पत्ते समोर ठेवून अशी पाच-सहा रेणुसूत्रे जुळवा. सूत्रे पाठ करण्यात घालवलेल्या तासापेक्षा ही पंधरा मिनिटे जास्त देऊन जातात. कार्बन आणि हायड्रोजनसारखी अधातू मूलद्रव्ये मात्र इलेक्ट्रॉन देऊन न टाकता वाटून घेतात. कार्बनला चार कमी, म्हणून तो चार हायड्रोजनशी भागीदारी करतो आणि मिथेन तयार होतो.

शेवटच्या स्तंभातल्या राजवायूंचे कवच आधीच पूर्ण आहे, त्यामुळे ते सहसा कोणाशी संयोग पावत नाहीत. ‘सहसा’ हा शब्द जपून वापरला आहे: १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग करून दाखवले.

एक इशारा. सोडिअम आणि पोटॅशिअम पाण्याशी जोरात अभिक्रिया करतात, हायड्रोजन पेट घेऊ शकतो. प्रयोगशाळेत हे धातू केरोसिनमध्ये बुडवून ठेवतात ते यासाठीच. हा प्रयोग घरी करू नका.

पायरी सातवी: उरलेली ९८

चौथ्या आवर्तात कॅल्शिअमनंतर डी उपकवच भरू लागते, आणि त्याच्या दहा जागांसाठी दहा स्तंभ मधे घुसतात. लोह, तांबे, जस्त ही तिथलीच संक्रामक मूलद्रव्ये. सहाव्या आवर्तात एफ उपकवचाचे चौदा स्तंभ वाढतात. २, ६, १०, १४ यांची बेरीज ३२. खरी सारणी एवढी रुंद आहे. पानावर मावत नाही म्हणून एफ खंड कापून खाली दोन ओळींत छापतात, आणि उरतात १८ गण. त्या खालच्या ओळींत काही ठिकाणी पंधरा-पंधरा चौकोन दिसतात. सीमा कुठे धरायची, यात मांडणीनुसार फरक पडतो. आवर्तांची लांबी अनुक्रमे २, ८, ८, १८, १८, ३२, ३२. बेरीज करून पाहा, ११८ येते. सातवे आवर्त पूर्ण करणाऱ्या ११३, ११५, ११७ आणि ११८ या मूलद्रव्यांना निहोनिअम, मॉस्कोव्हिअम, टेनेसिन आणि ओगॅनेसन ही नावे २०१६ मध्ये मिळाली.

वाचताना एक युक्ती उपयोगी पडते: १३ ते १८ गणांत, हेलिअम सोडून, गणाच्या आकड्यातून १० वजा केले की बाहेरचे इलेक्ट्रॉन मिळतात. ३ ते १२ गणांना ही युक्ती लावू नका.

आकाराचा कलही पाहून घ्या. गणात खाली जाताना कवचे वाढतात, अणू मोठा होतो. आवर्तात उजवीकडे जाताना तो लहान होतो, आणि हे अनेकांना पटत नाही, कारण इलेक्ट्रॉन तर वाढत असतात. पण ते त्याच कवचात वाढतात, तर केंद्रकातला प्रोटॉनही दर पावलाला एक वाढून सगळ्यांना आत ओढतो. सोडिअमची अणुत्रिज्या सुमारे १८६ पिकोमीटर, त्याच ओळीतल्या क्लोरिनची सुमारे ९९.

चिन्हांबाबत थोडेच सांगतो. पहिले रोमन अक्षर मोठे, दुसरे लहान, आणि यात हयगय नको. कोबाल्टच्या ‘सीओ’मधला ‘ओ’ चुकून मोठा काढलात तर तो कार्बन मोनॉक्साइड होतो. सोडिअमचे ‘एनए’, पोटॅशिअमचे ‘के’, लोहाचे ‘एफई’, सोन्याचे ‘एयू’ ही चिन्हे नॅट्रिअम, कॅलिअम, फेरम, ऑरम या लॅटिन नावांवरून आली आहेत. अशी मूळ नावे शेजारी लिहून ठेवली की चिन्हे लक्षात राहतात.

पायरी आठवी: मेंडेलीव्हच्या जागी बसा

१८६९ मध्ये मेंडेलीव्ह यांनी सारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला ठाऊक नव्हता आणि मूलद्रव्ये ६३ च माहीत होती. त्यांनी ती अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने लावली, आणि गुणधर्म जुळेनात तिथे क्रम मोडला किंवा जागा रिकामी सोडली. ॲल्युमिनिअमखालच्या रिकाम्या जागेसाठी त्यांनी अणुवस्तुमान सुमारे ६८ आणि घनता ५.९ सांगून ठेवली. १८७५ मध्ये बुआबोद्राँ यांना गॅलिअम सापडले, पण त्यांनी घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्ह यांनी धातू न पाहताच कळवले की मोजमाप पुन्हा करा. नमुना शुद्ध करून मोजल्यावर ती ५.९ आली.

टेल्युरिअम (१२७.६) आयोडिनच्या (१२६.९) आधी ठेवावे लागले होते, आणि वस्तुमानाच्या क्रमाला बसणारा हा धक्का तसाच राहिला होता. १९१३ मध्ये मोस्ले यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले की खरा क्रम अणुअंकाचा आहे. टेल्युरिअम ५२, आयोडिन ५३. धक्का उरलाच नाही. मोस्ले पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, २७ व्या वर्षी मारले गेले. त्यांच्याबद्दल वाचताना आजही वाईट वाटते.

आता तुमची पाळी. सारणीतला ३४ क्रमांकाचा चौकोन बोटाने झाका. तो सल्फरच्या खाली आहे, म्हणून संरूपण २, ८, १८, ६ असावे. बाहेर सहा, म्हणजे दोन कमी. हायड्रोजनचे दोन अणू घेऊन तो सल्फरसारखेच संयुग बनवेल. आकाराने सल्फरपेक्षा मोठा, उजवीकडच्या ब्रोमिनपेक्षाही थोडा मोठा. अणुवस्तुमानासाठी चारही शेजारी घ्या: डावीकडे आर्सेनिक ७४.९२, उजवीकडे ब्रोमिन ७९.९०, वर सल्फर ३२.०६, खाली टेल्युरिअम १२७.६०. चौघांची बेरीज ३१४.४८, सरासरी ७८.६२. ही संख्या पेन्सिलने लिहा आणि मग बोट बाजूला करा. तिथे सेलेनिअम आहे, ७८.९७.